हिवाळ्यात मैदान लग्नाला दिलेलं असतं

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय बाई, कशी झाली मुंबईची ट्रिप?" आधी सांगते, ती मुंबई नव्हे, नवी मुंबई. आणि ती ट्रिपही नव्हती, आम्ही खो-खो खेळायला गेलो होतो. आता प्रत्येकाला वेगळं सांगत बसले तर माझं बीपी परत वर जाईल, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. ज्यांना खाडीवरच्या सूर्यास्ताची वर्णनं हवीत त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

मी माण तालुक्यातल्या एका हायस्कुलात खेळ शिकवते. पोरी मला समोर 'बाई' म्हणतात आणि पाठीमागे 'लवंगी'. मला ठाऊक आहे. आमच्याकडे क्लब नसतात, मंडळं असतात, आणि त्या मंडळांचा खरा हंगाम हिवाळा. दिवाळीची सुट्टी संपली की शाळेच्या अंगात येतं. नाट्य मंडळ स्नेहसंमेलनाची नाटकं बसवतं, विज्ञान मंडळ प्रदर्शनासाठी पुठ्ठे चिकटवत बसतं, निसर्ग मंडळ माळावर पाखरं बघायला जातं, आणि आमचं खो-खो मंडळ दव पडलेल्या मैदानावर अनवाणी धावतं. थंडीत पोरींना घाम काढायला लावण्यासारखं सुख नाही.

यंदा नेरूळच्या एका मोठ्या शाळेचं बोलावणं आलं. त्यांच्या क्लबांचा हिवाळी मेळावा भरतो, तीन दिवस. बाहेरगावचा पाहुणा संघ म्हणून आम्ही यावं, आणि शेवटच्या दिवशी त्यांच्या खो-खो क्लबशी सामना खेळावा. तो सामना बघायला एका निवासी क्रीडा केंद्राच्या जगतापमॅडम येणार होत्या, मुली निवडायला. ते वाचलं आणि मी सरळ स्वातीच्या घरी गेले.

स्वाती आमची कप्तान, दहावीत आहे. गावातली शाळा दहावीलाच संपते. तिच्या वडिलांनी मला चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं, "बाई, त्या मॅडमनी बघितलं आन् घेतलं, तर पाठवतो. राहनं-खानं-कॉलेज सगळं तितंच हुतंय म्हनल्यावर माझी ना न्हाई. पर न्हाई घेतलं, तर मग अकरावीचं नाव काढायचं न्हाई. आत्याकडं शिवनकाम शिकंल." माणूस वाईट नाही. तालुक्याच्या एसटीचा भरवसा नाही, त्याला तो तरी काय करणार? पण म्हणजे आमच्यासाठी सगळी यात्रा एका सामन्यावर आली होती, आणि एका बाईच्या नजरेवर.

नेरूळ, पहिला दिवस

आम्ही पोचलो तेव्हा तिथली पोरं स्वेटर, कानटोप्या, काय काय घालून उभी होती. आमच्या पोरी अर्ध्या बाह्यांत. "बाई, हितं थंडी कुटं हाय?" स्वातीने मोठ्याने विचारलं. त्यांच्यातल्या एकीने तिच्या दंडाला हात लावून बघितला, खरीच आहे का म्हणून. ती आर्या, त्यांच्या खो-खो क्लबची कप्तान. काटकुळी, उंच, दातांना तार. दोघींची तिथेच गट्टी जमली.

क्लब बघून आमच्या पोरींचे डोळे फिरले. रोबोटचा क्लब, भाषणांचा क्लब, केक भाजायचा क्लब, चित्रफितींचा क्लब. प्रत्येकाचा वेगळा टी-शर्ट आणि वेगळं चिन्ह. ह्या सगळ्यांवर एक कुणालसर. वयाने तरुण, हातात दोन फोन, आणि तोंडात एकच मंत्र: "टेन्शन नका घेऊ मॅडम, सगळं सेट आहे." तीन दिवसांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी ते ऐकलं की माझ्या हाताची मूठ आपोआप वळायची.

सकाळी पक्षी क्लबाबरोबर आम्हाला खाडीकडच्या पाणथळीवर नेलं. हे मात्र खरंच सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. तिवरांच्या पुढे चिखल, चिखलावर वीतभर पाणी, आणि त्यात रोहित पक्ष्यांचा थवा चोची बुडवून चरत होता. मागे उंच इमारती, पुढे ही गुलाबी पाखरं. स्वाती कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "बाई, ही एका पायावर झोपत्यात. आपली उषी खो मिळायची वाट बघत अशीच झोपती बगा." उषीने तिला चिमटा काढला. पोरी खिदळल्या, मीही हसले.

तेवढ्यात कुणालसरांनी फोन आडवा धरला. "मॅडम, तुमच्या मुली फास्ट रनर आहेत ना? त्यांना जरा त्या बांधावरून धावत जायला सांगा. पक्षी एकदम उडतील, मागे मुली धावतायत, काय रील होईल!"

मी म्हटलं, "सर, ती चरतायत."

"हो, म्हणजे दोन मिनिटांसाठीच."

"तुम्ही जेवायला बसलात आणि मी पाटावरून उठवलं तर चालेल का? दोन मिनिटांसाठीच?"

पक्षी क्लबाची पोरं एकमेकांकडे बघून गालात हसत होती, म्हणजे हे दरवर्षी होत असणार. सर म्हणाले, टेन्शन नका घेऊ. मी म्हटलं, मी घेत नाही, मी देते. तिथून पुढे ते माझ्याशी जरा लांबूनच बोलायला लागले.

तळघरातला खो-खो

दुसऱ्या दिवशी सराव. मी आर्याला विचारलं, "मैदान कुठाय गं तुमचं?" तिने बोट दाखवलं. शाळेमागे मोठं थोरलं मैदान होतं आणि त्यावर अख्खा मांडव उभा होता. पिवळे पडदे, झुंबरं, मधोमध नवरा-नवरीची सिंहासनं, कडेला आचाऱ्यांच्या भट्ट्या.

"हे काय? तुमच्या मेळाव्याचं का?"

"नाय मॅम, वेडिंग आहे. विंटरमध्ये ग्राउंड वेडिंगला असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे दिवाळीनंतर लग्नं असतात ना, तेव्हा देतात ग्राउंड. मग मार्चमध्ये परत मिळतं. पण तेव्हा एक्झाम असते."

सूर्य पूर्वेला उगवतो म्हणावं इतक्या सहज तिने हे सांगितलं. अहो, आमच्याकडे लग्नसराई आहे, मांडव आहेत, डीजे आहेत, सगळं आहे. पण शाळेचा सगळ्यात चांगला ऋतू, पोरांनी उन्हातान्हाची पर्वा न करता दिवसभर खेळावं असे हे चार महिने, आणि नेमके तेच वऱ्हाडाला द्यायचे? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग तुम्ही सराव कुठे करता?"

तिने आम्हाला शेजारच्या सोसायटीच्या तळघरात नेलं. गाड्या लावायची जागा. सकाळी लोक कामावर गेले की तिथे जागा होते, तेवढा वेळ ह्यांचा खो-खो. खांबांच्या जागी वाहतूक पोलीस ठेवतात तसले दोन प्लास्टिकचे शंकू. खाली सिमेंट, म्हणून सगळ्यांच्या पायांत बूट आणि गुडघ्यांना जाड पट्ट्या. वॉचमन मधेच येऊन सांगायचा, "बच्चा लोग, धीरे! बी विंगवाले चिल्लाते हैं." आणि ह्या पोरी 'खो' हळू आवाजात द्यायच्या! कुजबुजत! आयुष्यात मी कुजबुजता खो ऐकला नव्हता.

पण आर्या धावायला लागली आणि मी नीट बघायला पुढे सरकले. काय पोरगी पळते! बसलेल्या पोरींच्या मधून अशी वळते की पाठलाग करणारी गोंधळून जाते. मी तिला विचारलं, "पाठलाग करताना सूर का मारत नाहीस?"

"सूर मारलाच नाय कधी मॅम. लागतं ना."

मला तिला रागवावंसं वाटेना. रागवायची माणसं वेगळी होती आणि ती सगळी वातानुकूलित खोल्यांत बसलेली होती. मी कुणालसरांना गाठलं. सामना कुठे होणार? ते म्हणाले, "ग्राउंडवरच मॅडम! आजचं वेडिंग संपलं की रातोरात क्लिअर होतं. सकाळी एकदम सेट."

जुईनगर

माझी राहायची सोय सुजाताताईंकडे होती. त्या त्याच शाळेत मराठी शिकवतात, जुईनगरला राहतात. घर लहान, स्वच्छ, भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर, माळून उरलेला गजरा खिडकीत. सासर रत्नागिरीकडचं, माहेर परभणीकडचं, त्यामुळे ताटात एकीकडे सुकटीचं कालवण आणि दुसरीकडे ठेचा. आम्ही हिवाळ्यात बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा घेतो, त्यांच्याकडे तांदळाची भाकरी. सुकट मी पहिल्यांदाच खाल्ली. दोनदा वाढून घेतली.

जेवताना मी बोलत सुटले. मैदान, मांडव, तळघर. सुजाताताई वाढत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, तुमी आज बघितलं. आमी दर वर्षी बघतो."

"मग बोलत का नाही?"

"बोलले ना. मीटिंगमध्ये उठून बोलले, की पोरांचा खो-खो कुठे खेळायचा? तर म्हणाले, मॅडम, तुमचा विषय मराठी आहे. त्या वर्षी माझ्या कामाच्या रिपोर्टमध्ये 'सहकार्याचा अभाव' असा शेरा पडला." त्यांनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. "उलव्याला फ्लॅट बुक केलाय आमी. हप्ता चालू हाय. मग गप बसायला शिकले."

मी तोंडातला घास गिळला. रागावणं मला परवडतं, हे त्यांच्या घरात बसल्यावर कळलं. आमचे मुख्याध्यापक माझ्यावर चिडतात, पण माझ्यामागे हप्ता नाही. तरी राग काही कमी झाला नाही, उलट आता तो दोघींच्या वाटचा झाला.

सामना

सकाळी मैदानावर गेलो तर मांडव खरंच गेला होता. आणि मैदान लाल झालं होतं. लग्नातला गालिचा! सगळ्या मैदानावर गालिचा अंथरलेला, वर पांढऱ्या फितीने खो-खोच्या रेघा आखलेल्या.

"सरप्राइज!" कुणालसर म्हणाले. "मुलींना लागू नये म्हणून स्पेशल ठेवून घेतला मी. काय लुक आलाय बघा!"

माणसाचा हेतू वाईट नव्हता, हेच तर दुखणं. मी चपला काढल्या आणि त्या गालिच्यावरून चालत निघाले. चौथ्या-पाचव्या पावलाला पाय घोट्यापर्यंत आत गेला. मांडवाच्या बांबूचं भोक. गालिचा वरून ताणलेला, खाली भसका. स्वातीने धावता धावता तिथे पाय टाकला असता तर घोटा मोडून ती शिवणयंत्रावर बसली असती, आयुष्यभर.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. "आधी गुंडाळा हे!"

आमच्या मंडळात एक रीत आहे. मोसमाचा पहिला सामना असो की शेवटचा, खेळण्याआधी दोन्ही संघांनी खांद्याला खांदा लावून एका रांगेत वाकायचं आणि मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत खडे, काटे, काचा वेचत जायचं. कुणी पुढे जायचं नाही, कुणी मागे राहायचं नाही. प्रतिस्पर्ध्यानेही. कारण ज्या मातीवर पडायचं आहे ती आपण हाताने चाचपलेली असावी. स्वातीने आर्याचा हात धरला आणि रांगेत घेतलं. त्यांच्या पोरी आधी नाकं मुरडत होत्या. मग एकीला खिळा सापडला, बोटभर लांब. दुसरीला बाटलीची काच. मग चढाओढच लागली. खिळे, हाडकं, प्लास्टिकचे चमचे, नवरीच्या केसांतल्या पिना, सगळं निघालं. भोकं मातीने बुजवून पायांनी दाबली. आर्याने बूट काढले, मोजे काढले आणि मातीवर पाय टेकवून उभी राहिली. "मॅम, गार आहे," म्हणाली. एवढंच.

आता खेळायचं, तर खेळ कुठला? जगतापमॅडम आल्या होत्या, पण त्यांना थेट सभागृहात नेलं होतं. "आधी सामन्याचं उद्घाटन, फक्त दहा मिनिटं," कुणालसर म्हणाले. आपल्या महाराष्ट्रात 'फक्त दहा मिनिटं' म्हणजे काय ते मी सांगायला नको. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. मग सत्कार सुरू झाले. ट्रस्टींचा सत्कार, त्यांच्या पत्नीचा सत्कार, प्रायोजकांचा सत्कार, केक क्लबला केकचं पीठ देणाऱ्यांचा सत्कार. शाल, नारळ, कुंडीतलं रोप, फोटो. पुन्हा शाल, नारळ, रोप, फोटो. बाहेर आमच्या पोरी अंग गरम करून पुन्हा थंड झाल्या. जगतापमॅडमना दुपारी दुसऱ्या गावी निघायचं होतं. स्वाती नुसती खांबाजवळ उभी राहून नखांनी त्याची साल काढत होती.

आणि मग मैदानाच्या फाटकातून टेम्पो आत आला. बांबू, गुलाबी पडदे. संध्याकाळी दुसरं लग्न! माणसं उतरली, पहारी घेतल्या आणि कोपऱ्यातून भोकं पाडायला सुरुवात केली.

माझं डोकं फिरलं. मी शिट्टी काढून सुजाताताईंच्या हातात दिली. "तुम्ही सामना चालू करा. मी त्यांना घेऊन येते."

"मी? बाई, माझा विषय—"

पुढे बोलता बोलता त्या थांबल्या. टेम्पोकडे बघितलं, पोरींकडे बघितलं. मग पदर कमरेला खोचला. "आमी चाळीत खेळलोय खो-खो. जावा तुमी." आणि अशी जोरात शिट्टी मारली की पहारवालेसुद्धा दचकले.

मी सभागृहात गेले ती तडक मंचावर. जगतापमॅडम शेवटून दुसऱ्या खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून. मी वाकून म्हटलं, "मॅडम, सामना चालू झालाय. चला."

त्या दचकल्या. हळूच म्हणाल्या, "अहो, माझा सत्कार राहिलाय अजून. मधेच कशी उठू?"

बघा! एवढी मोठी खेळाडू बाई, आणि सत्कारात अडकलेली. मी शेजारच्या ताटातली एक शाल उचलली, त्यांच्या खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला आणि म्हटलं, "झाला सत्कार. उठा."

सभागृहाला वाटलं हे कार्यक्रमातच आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ट्रस्टींनीही वाजवल्या. त्या टाळ्यांत आम्ही दोघी खाली उतरलो.

बाहेर अर्धं मैदान मांडववाल्यांनी व्यापलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात पोरी खेळत होत्या. आर्या पळत होती, अनवाणी, मोठ्याने श्वास घेत. स्वातीला खो मिळाला. खो असा दिला होता की शाळेच्या खिडक्यांत डोकी आली. तेवढ्यात एक पहारवाला बांबू घेऊन नेमका त्यांच्या वाटेत आला आणि पोरी अंगावर येताना बघून जागच्या जागी खिळला. कुणालसर मागून ओरडत होते, "मॅडम, थांबवा! कॉन्ट्रॅक्टरवाले कम्प्लेंट करतील!" सुजाताताईंनी शिट्टी तोंडाजवळ नेलीसुद्धा नाही.

आर्या त्या माणसाच्या डावीकडून वळली. स्वाती तिच्या मागे. आर्या खांबाशी पोचणार तोच स्वातीने अंग फेकलं. त्या माणसाच्या पायांजवळून, मातीवरून सरळ, हात पूर्ण ताणून. दोन बोटं आर्याच्या टाचेला लागली. बाद! दोघी मातीत लोळत होत्या आणि दोघी हसत होत्या. पहारवाला म्हणाला, "वा रे पोरी!"

जगतापमॅडमच्या खांद्यावरून शाल घसरून खाली पडली होती. त्यांना पत्ता नव्हता. "हिचं नाव काय?" त्यांनी विचारलं. मग आर्याकडे बोट करून, "आणि ती कुठे खेळते?"

"तळघरात," मी म्हटलं.

 डाव संपल्यावर त्यांनी स्वातीला जवळ बोलावलं, घोटा दाबून बघितला, गुडघा बघितला आणि म्हणाल्या, "जूनमध्ये यायचं. वडिलांशी मी स्वतः बोलते." आमच्या पोरींनी एकच गिल्ला केला. मी रडले. रागानेही माणूस रडतं, लोकांना माहीत नसतं.

स्वाती मात्र नाचली नाही. अंगावरची माती झटकत तिने विचारलं, "मॅडम, तुमच्या तितलं ग्राउंड लग्नाला देत्यात का?"

जगतापमॅडमचं हसू गेलं. त्यांनी एकदा टेम्पोकडे बघितलं. "देतात," म्हणाल्या. "फक्त मे महिन्यात. केंद्राच्या व्यवस्थापनाचा निर्णय असतो, माझ्या हातात नाही."

स्वातीने मान डोलावली. "मग मे महिन्यात मी गावाकडं यीन. आमच्या ग्राउंडवर मांडव घालाय आले, की बाई मधी आडव्या झोपत्यात."

जगतापमॅडमनी माझ्याकडे बघितलं. खरं आहे ते. सरपंचाच्या पोरीच्या लग्नात झोपले होते मी, ट्रॅक्टरसमोर, नेसल्या साडीनिशी. मांडव वेशीबाहेर घालावा लागला. पुन्हा कुणी आलं तर पुन्हा झोपेन.